अप्पांनी घातलेली अट

अप्पा गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या वरच्या ओठाला अर्धी मिशी चिकटवलेली होती. शाळेच्या संमेलनाची तालीम चालली होती. मी दुष्ट सरदार होतो (मास्तर असल्यामुळे ही भूमिका दरवर्षी माझ्याकडेच येते) आणि डिंक वाळेपर्यंत तोंड हलवायचं नाही अशी रंगवणाऱ्याची सक्त ताकीद होती. तेवढ्यात सब-रजिस्ट्रार कचेरीच्या ओसरीवर अप्पांच्या शेजारी बसून दस्त लिहिणारे भीमराव दारात येऊन उभे राहिले. नुसती टोपी काढून हातात घेतली... मी होतो तसा निघालो. भर बाजारातून अर्ध्या मिशीचा एक माणूस रडत पळतो आहे, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी नंतर मला बरंच सुनावलं. पोचलो तर अप्पांना आसनावर बसवलेलं होतं. त्यांच्या लोकांत गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. कपाळावर विभूती, गळ्यात फुलं, पाठ भिंतीला. जन्मभर बसून लिहिणारा माणूस बसूनच निघाला होता. घोळक्यातल्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, “हे कोण गं, अर्ध्या मिशीचं?” आणि मी, देवाशपथ सांगतो, मान वळवून अप्पांकडे बघितलं. हसतात का म्हणून.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. अप्पा म्हणजे मल्लप्पा. आडनाव त्यांना दस्तावर सही करतानाच आठवायचं. आपल्यापैकी ज्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सोलापुरात घर, रान किंवा भाऊबंदांशी भांडण विकत घेतलं असेल, त्यांचा कागद बहुधा अप्पांच्या हातचा असेल. ओसरीच्या तिसऱ्या खांबाशी, उतरत्या पाटासमोर मांडी घालून ते खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं लिहायचे. घरात कानडी, ओसरीवर मराठी, मुसलमान गिऱ्हाईक आलं तर दखनी आणि विणकर आला तर मोडकीतोडकी तेलुगू. अक्षर असं, की गहाणखत बघून जमीन अडकल्याचं दुःख घटकाभर विसरावं. इंग्रजी मात्र त्यांना नुसतं अक्षर लावून वाचता यायचं, अर्थ लागायचा नाही. आणि नेमका इंग्रजीचाच त्यांना ध्यास होता, कारण त्यांच्याजवळ ते पुस्तक होतं.

मी तेव्हा शाळेत नुकताच लागलो होतो आणि भाड्याच्या खोलीचा करार लिहून घ्यायला त्यांच्याकडे गेलो. करार झाला. पैसे काढले तर म्हणाले, “पैसं राहू द्या. तुमी इंग्रजीचं मास्तर न्हवं? मग एक काम हाय.” पाटाखालून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं एक जाडजूड बाड काढलं. पाठीचं कातडं वाळवीनं खाल्लेलं, पानं हळदीच्या रंगाची. नोकरी संपवून विलायतेला निघालेल्या कुण्या साहेबाच्या लिलावातून ते रद्दीवाल्याकडे आलं होतं, आणि त्याच्या शेंगदाण्याच्या पुड्या व्हायच्या आत अप्पांनी ते उचललं होतं. का, तर चाळताना दोन शब्द ओळखीचे लागले, ‘लँड’ आणि ‘मॉर्गेज’. “आपलंच दिसतंय,” ते म्हणाले.

होतंही त्यांचंच. दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज जमीनदारांच्या लग्नांतले करार कसे लिहीत, त्याचे नमुने त्यात होते. दर रविवारी दुपारी कचेरी बंद असायची तेव्हा मी त्याच ओसरीवर बसून ते वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि अप्पा भिंतीला टेकून ऐकायचे. समोरच्या उन्हात रस्ता पांढरा पडलेला, कुत्रीसुद्धा सावलीला, आणि आम्ही दोघे विलायतेतल्या हिरव्यागार रानांच्या वाटण्या करतोय. तिथली सगळी जमीन थोरल्या मुलाची. पण तोही मालक असून मालक नाही, जगेल तोवर उत्पन्न खायचं, विकायचं नाही, पुढं त्याच्या मुलाला सोपवायची. “म्हंजे आपला वतनदारच की हो,” अप्पा म्हणाले. नवरीच्या बापानं लग्नात रोकड द्यायची, बदल्यात नवरा मेल्यावर तिला जमिनीतून वर्षासन मिळेल असं आधीच लिहून घ्यायचं. “जित्या नवरदेवासमोर त्याच्या मरणाचा कागूद? आन जेवणं हुतात नंतर?” बायकोला टाचण्या-बिचण्यांसाठी म्हणून वेगळे पैसे नेमलेले, त्यावर ते पोट धरून हसले. धाकट्या बहिणींच्या हुंड्यासाठी थोरला रानं गहाण टाकायचा, आणि ते गहाण पन्नास पन्नास वर्षं तसंच चालायचं. व्याज पोचतंय ना, मग मुद्दल कुणी मागायचं नाही. याचं अप्पांना सगळ्यात नवल. “आपला सावकार व्याज खाताना डोळा रानावर ठिवतो,” ते म्हणाले, “आन त्यांचा सावकार व्याज खाता खाता रान कुटं हाय ते इसरतो. कसली मानसं म्हणायची ही.”

नमुन्यांत नावांच्या जागा कोऱ्या होत्या. मला कोरी जागा बघवत नाही. मी त्यांत माणसं बसवली. एक सर विल्यम, तापट, गुडघेदुखीचा; एक मार्गारेट, त्याची धाकटी बहीण, जिच्या लग्नासाठी ओढ्याकाठचं कुरण गहाण पडलं. मग पुढच्या रविवारी अप्पा विचारायचे, “मार्गारेटबाईचं कुरण सुटलं का?” आणि मी, कायद्याच्या पुस्तकात बघितल्यासारखं करून, सर विल्यमला घोड्यावरून पाडायचो, मार्गारेटला जुळं व्हायचं, तिच्या सासूला मी दातदुखी दिली. दोन वर्षं हा उद्योग चालला. अप्पांना काही संशय येत नाही, या घमेंडीत मी होतो.

एका रविवारी, शेवटाकडच्या मसुद्यांत, एक नवंच कलम लागलं. बापानं मुलीला दिलेली जमीन तिच्या एकटीच्या उपभोगाची राहील. आणि तिचा संसार चालू आहे तोवर ती जमीन तिला विकता येणार नाही की गहाण टाकता येणार नाही. तिनं स्वतः सही केली, तरी तो व्यवहार व्यवहार नव्हे. अप्पा भिंतीपासून सरळ झाले. “परत वाचा.” मी परत वाचलं. ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, “मास्तर, हे पुस्तकात हाय, का तुमच्या पोटातलं?”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं. मी पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी एकेक अक्षर लावून ती ओळ वाचून घेतली. मग बराच वेळ ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. “ह्या हातानं किती बायांचं आंगठं शाईत बुडवलं, सांगता येत न्हाय,” ते म्हणाले. “बाईची जमीन, बापानं दिलेली. नवरा घिऊन येतो. आत साहेब इचारतात, बाई, राजीखुशीनं देता का? बाई मान हलवती. गोडीनं आणलीया का दांडगाईनं, ते कागदावर उमटत न्हाय मास्तर. आंगठाच उमटतो. आन ह्या लोकांनी बघा काय केलं... आंगठाच निजवून ठिवला की.” त्या दिवशी मार्गारेटच्या कुरणाची चौकशी झाली नाही.

आता गौरेबद्दल सांगायला हवं. अप्पांच्या थोरल्या बहिणीची, अक्काची, ही एकुलती एक मुलगी. अक्का विधवा, आणि होटगीजवळ आठ एकर रान तिच्या आईकडून तिच्या नावावर आलेलं. विहिरीला बारमाही पाणी. त्यांच्यात बहिणीची मुलगी मामानं करायची रीत. मुलगीही घरात राहते, रानही उंबऱ्याच्या आत राहतं. त्यात अप्पांची बायको चार वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. गौरा सोळा वर्षांची झाली तेव्हा सगळ्या भावकीनं हे लग्न मनातल्या मनात लावूनच टाकलं होतं. बोलणी करायला चार वडीलधारी माणसं आली. अप्पांनी त्यांना चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जिला खांद्यावर घिऊन गड्ड्याची जत्रा दाखवली, तिलाच बायको करायची. रान किती, आठ एकर? लई कमी हाय. ह्याला तर जिल्हा लिहून द्या, तरीबी न्हाय.” माणसं उठून गेली. अक्कानं महिनाभर अबोला धरला. मग एक दिवस भाकरी वाढता वाढता म्हणाली, “परक्याच्या घरी पोरगी गेली की रान त्यांचं झालं. तू लिहितोस की रोज असले कागद.” अप्पा म्हणाले, “पोरगी जाईल अक्का. रान जाणार न्हाय.”

अक्कलकोटच्या वाटेवरच्या गावातलं एक चांगलं घर मिळालं. नवरा मुलगा शरणप्पा, देखणा, कष्टाळू, डोळ्यांत जरा स्वप्नं जास्त. आणि अप्पांनी बक्षीसपत्र लिहायला घेतलं. आईनं मुलीला आठ एकर दिलं, ते तिच्या एकटीचं. आणि त्यात ते इंग्रज कलम. आम्ही दोघांनी आठ दिवस त्याचं मराठी केलं. अप्पा शब्द सुचवायचे, मी तो आवाजात म्हणून बघायचो. “जरा गडगडलं पाहिजे,” ते म्हणायचे. शेवटी अशी वाक्यं जमली, की ऐकून मेघसुद्धा साक्षीदार म्हणून सही करायला खाली आला असता. रजिस्टर झालं. पुस्तक तेव्हापासून माझ्याकडेच राहिलं. लग्नाच्या मांडवात ते मीच वाचलं. आजवर मी रंगभूमीवर पुष्कळ बोललो, पण असा सन्नाटा मला पुन्हा मिळाला नाही. व्याही म्हणाले, “ही कसली अट? आमी काय रान खाणार हाय व्हय?” अप्पा शांतपणे म्हणाले, “न्हाय खाणार न्हवं? मग अट टोचती कुटं?”

त्याच वर्षी वकील व्हायचं माझ्या डोक्यात आलं होतं. पुढे परीक्षकांनी ते काढून टाकलं, पण तोवर अभ्यास मन लावून केला. जमिनीच्या हस्तांतराचा आपल्याकडचा कायदा वाचताना एके ठिकाणी मी उडालोच. विवाहित बाईला दिलेल्या मिळकतीवर नेमकी हीच अट घालायची सवलत आपल्याही कायद्यात होती. अप्पांचं कलम, जसंच्या तसं. आनंदानं ओळ पुन्हा वाचली, आणि तेव्हा मधला कंस दिसला. बाई हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध नसली तर. म्हणजे साहेबाच्या मडमेचा अंगठा निजवता येत होता, गौरेचा नाही. तिला दिलेलं रान पक्कं तिचं, पण त्यावरची अट कायद्याच्या लेखी लिहिलीच नव्हती. उद्या कुणी तिला कचेरीत नेऊन उभं केलं तर गहाणखत सुखेनैव झालं असतं. वीस वर्षं दस्त लिहिलेल्या माणसानं, विलायतेच्या त्या जुन्या घरांत इतका जीव गुंतवला, की आपली भाची त्या घरातली नाही हेच तो विसरला. आणि त्याला ती वाट वाचून दाखवणारा मी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी माझं अभ्यासाचं पुस्तक घेऊन ओसरीवर गेलो. अप्पांच्या समोर गिऱ्हाईक होतं. ते उठेपर्यंत थांबलो आणि कंस वाचून दाखवला. त्यांनी तो तीनदा वाचायला लावला. “हे कुणाकुणाला ठावं हाय?” त्यांनी विचारलं. म्हटलं, तुम्हाला, मला आणि सरकारला. “सरकार आपनहून बोलत न्हाय. तुमी बोलू नका.” मी म्हटलं, दस्त दुरुस्त करू, जमीन विश्वस्तांच्या हाती देऊ, ते कायद्यात बसतं. अप्पांनी मान हलवली. जमीन आता गौरेची. नवा दस्त करायचा तर तिनं करायचा, म्हणजे सासरी सांगायचं, म्हणजे पहिला फोल होता हे स्वतःच्या तोंडानं दवंडी पिटायचं. “आय्तु,” ते कानडीत म्हणाले. झालं. मग लेखणी पुसता पुसता म्हणाले, “आपल्या बायांना तेवढं कंसात घालून भाईर ठिवलं. आमच्या बायांचा हात काय दगडाचा हाय, पिळला तर दुकत न्हाय?” हे पुढे परीक्षेतही कुणी विचारलं नाही.

पाच-सहा वर्षं शांततेत गेली. अक्का तेवढ्यात वारली. मग अक्कलकोटच्या रस्त्यावर मोटारी धावू लागल्या आणि शरणप्पाला मोटारीचं वेड लागलं. एक जुनी मोटार विकाऊ होती. भावांनी घरचं रान द्यायला नकार दिला. राहिलं बायकोचं. एके दिवशी भर वर्गात शिपाई चिठ्ठी घेऊन आला. अप्पांचं ते अक्षर: ‘पुस्तक घेऊन या. आवाज घेऊन या.’

गेलो तर ओसरीवर शरणप्पा, सावकाराचा मुनीम आणि खांबाशी पदर पुढे ओढून गौरा. स्टँप घेतलेला. भीमरावांनी गहाणखत लिहायला घेतलं होतं, अप्पांनी आपल्या पाटावरूनच सांगितलं, “लिहा की. फकस्त मुनीमजी, आधीचा दस्त ऐकून घ्या. नंतर म्हणाल सांगितलं न्हाय.” आणि बक्षीसपत्राची नक्कल माझ्या हातात दिली. मी वाचली. ओसरीवरच्या बाकीच्या लेखण्या थांबल्या. मुनीम म्हणाला, असली अट आम्ही पाहिली नाही, ही टिकते का? अप्पा म्हणाले, “ते मी कोन सांगणार? कुटनं घितली ते दाखवतो. मास्तर, मूळ वाचा.” मग मी ते वाळवीचं पुस्तक उघडलं आणि इंग्रजी सुरू केलं. काय वाचलं म्हणता? कलम वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं, मागचं वाचलं, छापखान्याचा पत्ताही वाचला. एक हात छातीवर, दुसरा आभाळाकडे. सबंध ओसरी हायकोर्ट झाली. मुनिमाला एक अक्षर कळलं नाही, पण घाम आला. “भानगडीचं रान आमच्या धन्याला नको,” म्हणून त्यानं पिशवी उचलली. वाटेत एखाद्या वकिलाला दोन रुपये दिले असते तर पाच मिनिटांत आमचं नाटक आटोपलं असतं. त्यानं ते वाचवले. शरणप्पा अप्पांना इतकंच म्हणाला, “मामा, आजपासनं तुमचं पाणी मला वर्ज.” गौरा काहीतरी बोलायला म्हणून पुढं आली होती. ओठ उघडलेही होते. पण मुनीम उठला तशी ती तिथंच थांबली आणि नवऱ्यामागोमाग निघून गेली. मला वाटलं, मामाचे आभार मानायचे असतील.

संध्याकाळी मी जिंकल्याच्या थाटात म्हटलं, “अप्पा, चक्क खोटं बोललात.” ते म्हणाले, “मी एक अक्षर खोटं बोललो न्हाय. नाटक तुमी केलं. मी पडदा वडला.” पण ते हसले नाहीत. घरी जाताना तळ्याच्या कडेनं आम्ही चाललो, सिद्धेश्वराच्या कळसावर उन्हं होती, आणि ते एकदम म्हणाले, “तिला काय वाटलं आसंल?” मी म्हटलं, रान वाचलं, आणखी काय वाटायचं? पुढची सगळी वर्षं ते त्या एका गोष्टीवर गप्पच राहिले.

शरणप्पाची मोटार राहून गेली ती गेलीच. भावांशी वाटण्या झाल्या, त्याच्या वाट्याला खडकाळ तुकडा आला, तो विकून नवरा-बायको होटगीला गौरेच्याच रानात राहायला आली. गौरा सणावाराला मामाकडे यायची, शरणप्पा कधीच नाही. रानाच्या बांधावर उभा राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अप्पांच्या नावानं शिव्या ऐकवतो, असं कुणी कुणी येऊन सांगायचं. अप्पा म्हणायचे, “द्येतोय न्हवं? म्हंजे रान हाय. रान गेलं आसतं तर बांध कुटला?”

शेवटचे भेटलो ते जायच्या आधी आठवडाभर. दमा वाढला होता, बसूनच झोपायचे. उशाशी चहा गार झालेला. मला म्हणाले, “मास्तर, मी गेल्यावर गौरेला कंसाचं सांगा.” मी म्हटलं, तुम्हीच सांगा, अजून बोलताय की चांगले. ते कितीतरी वेळ दम घेत राहिले. “भ्यालो,” म्हणाले. “नवऱ्याला भ्यालो न्हाय. तिला भ्यालो. तिला कळलं आसतं आन तिनं नवऱ्यापायी सही करून दिली आसती तर? मला तिची खातरी न्हवती, मास्तर. तिचं रान ऱ्हावं म्हणून तिचा हातच बांधून ठिवला. पुस्तकातल्या त्या बापासारखा. आता सोडवा. मग ती करंल ते खरं.” मी हो म्हटलं. नंतर विषय बदलावा म्हणून मार्गारेटचं कुरण अखेर सुटलं अशी थाप ठोकून दिली. “आता कशाला सोडवता?” ते डोळे मिटून म्हणाले. “व्याज पोचतंय न्हवं?”

हे मी होटगीला कसं सांगणार होतो, देव जाणे. महिनाभर टाळलं. खरं सांगायचं तर मला भीती होती ती शरणप्पाची. गडी अजून मोटारीची चित्रं भिंतीला लावतो हे मला माहीत होतं. गौरेला एकदा कळलं की रान मोकळं आहे, म्हणजे वीस वर्षं राखलेले आठ एकर माझ्या एका वाक्यानं निघून जाणार. पण शब्द दिला होता. गेल्या रविवारी गेलो.

शाळू काढणीला आला होता. गौरा विहिरीपाशी भांडी घासत होती, केसांत आता चांदी. तिनं हात धुतले, मला घोंगडी टाकून दिली, ताक दिलं. मी सुरुवात फार लांबून केली, विलायतेपासून. तिनं मधेच थांबवलं. “मास्तर, सरळ सांगा. मामा काय म्हणून गेला?” मग सरळ सांगितलं. कंस सांगितला. अट कधीच लागू नव्हती, रान पहिल्या दिवसापासून मोकळं होतं, सही तिच्याच हातात होती.

ती तांब्याकडे बघत बसली. “म्हंजे त्या दिवशी, ओसरीवर, मी सही केली आसती तर चालली आसती?”

“चालली असती.”

“आन साहेबांनी आत नेऊन इचारलं आसतं, राजीखुशीनं देता का म्हणून?”

“विचारलंच असतं. विचारावंच लागतं त्यांना.”

“त्येच ऐकायला आल्ते मी,” ती म्हणाली. “घरात ह्यांच्याफुडं तोंड उघडायची सोय न्हवती तवा. सासरा, दीर, समदी. म्हटलं, कचेरीत साहेब इचारतोय, तितं सांगायचं, न्हाय देत. सबंध वाट घोकत आल्ते. सहा कोस. आन तुमी दोघांनी मला आत जाऊच दिलं न्हाय की.”

पंधरा वर्षांपूर्वीचे ते उघडलेले ओठ मला आत्ता कळत होते.

“मामाला माझी खातरी न्हवती,” ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मी मान खाली घातली. तिनं पदरानं डोळे पुसले, जरा जोरातच, आणि हाक मारली, “अवं, हिकडं या.” शरणप्पा बैल बांधून आला. मला बघून त्यानं नुसती मान हलवली. गौरा बसल्या जागेवरून म्हणाली, “मामाच्या कागदात काय दम न्हवता म्हणं. कवाच न्हवता. रान मोकळंच हुतं.”

शरणप्पा माझ्याकडे बघत राहिला. “म्हंजे मोटार येत हुती?”

“येत न्हवती. मी न्हाय म्हणणार हुते. आताबी न्हायच.”

तो विहिरीच्या काठावर बसला. चंची काढली, तंबाखू मळला, तोंडात टाकायचा राहिला. म्हणाला, “आन मी इतकी वर्सं त्या म्हाताऱ्याला शिव्या देत बसलो व्हय?”

“आता मला द्या,” गौरा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. हसला नाही, रागावलाही नाही. ज्याच्याशी वीस वर्षं व्यवहार आहे तो माणूस पहिल्यांदाच समोर आल्यासारखं पाहिलं. मग उठून बैलांकडे गेला. मी गौरेला म्हटलं, हे आता कुणाला कळलं तर चालेल ना? ती भांडी उचलता उचलता म्हणाली, “सांगा की. पेपरात छापा. मामाचं चुकलं तेबी घाला.”

म्हणून घातलं आहे.

होटगीच्या फलाटावर आलो तर गाडीला वेळ होता. बाकावर बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की मी मघापासून मनात सगळं नीट लावतो आहे. सुरुवात कुठून करायची, शरणप्पाचा आवाज किती जाड काढायचा, ‘आता मला द्या’च्या आधी किती थांबायचं. इतकी वर्षं माझी प्रत्येक गोष्ट मी आधी अप्पांपाशी नेत आलो. ते हसले की मग ती गावात हिंडायची. ही तर त्यांचीच होती, त्यांनी पंधरा वर्षं वाट पाहिलेली, आणि त्यांना हवी होती त्याहून कितीतरी चांगली निघालेली... आणि ती घेऊन जायला मला जागा नव्हती. फलाटावर कंदील पुसत बसलेला एक म्हातारा सांधेवाला माझं तोंड हलताना बघत होता. म्हणाला, “काय साहेब, कुनाशी बोलताय?” मी म्हटलं, इकडं ये, बस. आणि अगदी पहिल्यापासून, वाळवी लागलेल्या पुस्तकापासून सांगायला लागलो. सगळे आवाज काढले. तोही चांगला ऐकणारा निघाला, कंदील तसाच मांडीवर राहिला. सोलापूरची गाडी आली तेव्हा माझ्या गोष्टीत गौरा नुकती डोळे पुसून नवऱ्याला हाक मारत होती. सांधेवाला म्हणाला, “साहेब, गाडी.” मी म्हटलं, जाऊ दे, आणि शरणप्पाला विहिरीपाशी आणलं.